मुसफ्फातला मांडव

आमच्या कॅराव्हॅनची वॉरंटी गुरुवारी संपली आणि शुक्रवारी सकाळी तिचं दार माझ्या हातात आलं.

हातात आलं म्हणजे सगळंच आलं. कडीसकट, काचेसकट, आतून मी हौसेनं लावलेल्या फुलाफुलांच्या पडद्यासकट. मी दार कवेत घेऊन गाड्या ठेवायच्या यार्डात उभी, आणि माझा नवरा सायमन जीपमधून डोकं बाहेर काढून विचारतोय, "आत जायचं नाहीये का?"

"जातेय ना! दार कुठे ठेवू तेवढं सांग."

ही कॅराव्हॅन म्हणजे जीपच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. दोन पलंग, एक ओटा, एक खिडकी, आणि बाहेरच्या अंगाला गुंडाळून ठेवलेलं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. हँडल फिरवलं की ते कापड बाहेर पसरून छान सावली करायचं. आम्ही त्याला मांडव म्हणायचो.

घ्यायचा हट्ट माझा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही अबूधाबीत राहायचो. फ्लॅट मालकाचा, व्हिसा कंपनीचा, सोफा कॅनडाला निघून गेलेल्या एका कुटुंबाचा. आपलं म्हणावं असं घरात काय होतं? लोणच्याच्या बरण्या! मी एका हॉटेलात रिसेप्शनवर होते. समोर मोठं काचेचं दार, दारापलीकडे उन्हात थरथरणारा रस्ता. त्या थरथरीकडे बघता बघता मला एक छोटं पांढरं घर दिसायला लागायचं. समुद्राच्या कडेकडेनं हळूहळू चाललंय, खिडकीतून पडदा फडफडतोय, ओट्यावर चहा उकळतोय, आणि खिडकीत कोपर टेकून मी...

"एक्स्क्यूज मी, माय की?" पाहुणा चौथ्यांदा विचारत असायचा.

सायमननं किंमत दिरहममध्ये ऐकली, मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि तो शोरूममध्येच खुर्चीवर बसला. "रेजिना, एवढ्यात वसईला केळीची अख्खी वाडी येईल!"

"वाडी जीपला जोडून मिर्फ्याला नेता येते का?" मी म्हटलं. (मिर्फा म्हणजे अबूधाबीच्या पश्चिमेला किनाऱ्यावरचं एक निवांत गाव. तिथे मी तोवर एकदाच गेले होते. पण स्वप्नात रोज.)

वॉरंटीच्या वर्षात बारीकसारीक तक्रारी निघाल्या की मी सेल्समनला फोन करायचे. तो फार गोड बोलायचा. "टुमॉरो, मॅडम, इन्शाल्ला!" तो टुमॉरो काही उगवला नाही. पण दार हातात आल्यावर मी फोन केला, तेव्हा वर्षात पहिल्यांदा त्यानं मला स्पष्ट उत्तर दिलं.

"वॉरंटी खलास."

"अहो, कालच संपली!"

"येस मॅडम. खलास."

"मग नवीन दार?"

"अमेरिकेहून येणार."

"कधी?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला. या वेळी टुमॉरोसुद्धा म्हणाला नाही.

तेव्हा मी ठरवलं, आपणच दुरुस्त करायचं. हॉटेलात माझं अर्धं काम म्हणजे पाहुण्यांच्या तक्रारी ऐकून मेंटेनन्सला फोन करणं. 'तिसऱ्या मजल्यावर नळ गळतोय', 'बाथरूमचं दार लागत नाही' ही वाक्यं मी इतकी वर्षं बोलले होते, की ती कामं मला येतात असाच माझा समज झाला होता. (थर्मामीटरला आपण डॉक्टर आहोत असं वाटावं, तसं.)

दार मी बसवलं. इतकं पक्कं बसवलं की ते बाहेरून उघडेना! फक्त आतून उघडायचं. म्हणजे घरात शिरायला आधी कुणीतरी घरात असायला हवं. म्हणून आमच्या लेकीला, अ‍ॅश्लीला, आम्ही उचलून खिडकीतून आत सोडायचो.

"मम्मा, नॉर्मल पीपल यूज अ की," ती आत पडता पडता म्हणायची.

रोजच्या चढउतारानं खिडकीची चौकट हलायला लागली. मी चौकटीला नवे स्क्रू मारले. चांगले लांब. लांब स्क्रू म्हणजे जास्त मजबूत, हे माझं शास्त्र. त्यातल्या एकाचं टोक भिंतीच्या पलीकडे कुठे निघालं, याची चौकशी मी केली नाही.

शेवटी सायमननं मला ओढत मुसफ्फातल्या, म्हणजे शहराबाहेरच्या कारखाने-गॅरेजांच्या वस्तीतल्या, एका वर्कशॉपमध्ये नेलं. मेकॅनिकनं दार बघितलं, खिडकी बघितली, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बघितली.

"ये किसने किया?"

"कंपनीने," मी म्हटलं.

"वॉरंटी में?"

"हां."

त्यानं कानाला हात लावला. "मॅडम, उनपे केस करो!"

सायमनला जो खोकला लागला तो घरी पोचेपर्यंत थांबला नाही. मेकॅनिकनं दाराची कडी तेवढी नीट करून दिली आणि बाकीच्या कामासाठी गाडी पंधरवडाभर ठेवून जायला सांगितलं. पण ठेवणार कशी? वसईहून माझ्या सासूबाई आल्या होत्या, व्हिजिट व्हिसावर. त्यांना आम्ही सगळे मम्मी म्हणतो. मम्मींना मिर्फ्याचा समुद्र दाखवायचं मी विमानतळावरच कबूल करून बसले होते.

"समुद्र?" मम्मी म्हणाल्या होत्या. "अगं, आपल्या घरामागे काय आहे मग?"

"तो वेगळा, मम्मी. हा निळा आहे."

तर एका शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे सायमन आणि मी, मागे मम्मी आणि अ‍ॅश्ली, त्यांच्यामागे घर. हवा गार होती, रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना फिक्या वाळूचा पसारा, आणि दूर आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. मी आरशात बघत होते. आरशात माझं पांढरं घर डुलत डुलत येत होतं, झोपेत चालणाऱ्या गायीसारखं. मला वाटलं, असंच जात राहावं. मुक्काम आलाच नाही तरी चालेल...

धाडकन आवाज झाला.

आरशात घराला एक पंख फुटला होता! निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. मांडव आपला आपण उघडला होता आणि पलीकडच्या गाडीतला माणूस खिडकीतून हात काढून आम्हाला जे सांगत होता, ते अरबीत असूनही मला पूर्ण समजलं.

नशीब, मुसफ्फाचा फाटा समोरच होता. सायमननं जीप आत वळवली आणि वर्कशॉपच्या रांगेसमोर रुंद फुटपाथाला लावली. शुक्रवार. नमाज होईपर्यंत सगळी शटर बंद. मांडव फुटपाथावर ऐसपैस पसरलेला, आणि हँडल फिरवलं तर नुसतं कुरकुर करून थांबे.

"काय झालं असेल?" सायमननं विचारलं. त्याच्या आवाजात प्रश्नापेक्षा उत्तर जास्त होतं.

मला एकदम तो लांब स्क्रू आठवला. खिडकीच्या बरोब्बर वर तर मांडवाच्या गुंडाळीची स्प्रिंग!

"कंपनीचा डिफेक्ट," मी म्हटलं, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅराव्हॅनखाली शिरले. मांडवाचे दोन दांडे खालून चॅसीला जोडलेले होते. ते सोडवले तर मांडव मोकळा होईल, असा माझा अंदाज.

खाली छान सावली होती. गार वाळू, डोक्याशी वाऱ्याची झुळूक. वर आत मम्मींच्या चपलांचा आवाज. मग गॅस पेटवल्याचा, मग आलं ठेचल्याचा. (गॅसला मी अजून हात लावला नव्हता, म्हणून तो चालू होता.) खिडकीची झडप मम्मींनी वाफ जायला वर केली. आल्याचा, वेलचीचा वास खालपर्यंत आला. मी बोल्ट फिरवता फिरवता क्षणभर डोळे मिटले. म्हटलं, हेच तर आपलं स्वप्न होतं. फक्त समुद्र यायचा राहिला.

डोळे उघडले तर समोर दोन पाय. चकचकीत पॉलिश केलेल्या सँडलमधले.

"अम्मा, चाय है?" पायांच्या वरच्या अंगानं विचारलं.

आता मम्मींचा स्वभाव सांगते. वसईला आमच्या फाटकासमोर कुणी पत्ता विचारायला थांबलं, तरी तो चहा घेतल्याशिवाय सुटत नाही. "आहे, आहे," मम्मी म्हणाल्या. "ये पोरा, बस."

मी दुसऱ्या बोल्टशी झटत होते. आणखी दोन पाय आले. मग आणखी. शुक्रवारची सुट्टी, कामगारांच्या कॅम्पमधली माणसं आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून फिरायला निघालेली. चपला, बूट, एक पांढरी कॅनव्हासची जोडी... बघता बघता माझ्यासमोर पायांचं जंगल उभं राहिलं. मला वाटलं, बिचारे मदतीला आले असतील.

मी सरपटत बाहेर आले. तोंडाला ग्रीस, केसांत वाळू. मांडवाखाली शिस्तीत रांग लागलेली! खिडकीत मम्मी डोक्याला रुमाल बांधून एकामागून एक ग्लास भरतायत. सोबत प्रत्येकाच्या हातावर वसईहून आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. (ती मी वर्षभर पुरवून खाणार होते!) सायमन ट्रे घेऊन फिरतोय. आणि अ‍ॅश्लीनं कंटाळून स्केचपेननं एका पुठ्ठ्यावर मोठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत 'मम्मीज कॅफेटेरिया' लिहून दांड्याला अडकवलंय, खाली फुलपाखरू काढून.

मी तरातरा खिडकीकडे गेले, तर एका दाढीवाल्यानं मला अडवलं. "ओ बहन, लाइन से आओ."

"अरे, ये मेरा घर है!"

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सहानुभूतीनं आपला रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. "धोने का उधर है."

मी मम्मींना म्हटलं, "मम्मी, हे काय चाललंय?"

"चहा चाललाय," मम्मी म्हणाल्या. "दूध संपत आलं गं. आणि हा मुलगा बघ, बिहारचा आहे, दोन वर्षं आईला भेटला नाही. त्याला एक सुकेळं जास्त दे."

मी ते सुकेळं देत असतानाच एक पांढरी गाडी येऊन थांबली. दारावर हिरवट शिक्का. पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला एक तरुण उतरला, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वही. रांगेत कुजबुज झाली, "बलदिया, बलदिया!" म्हणजे नगरपालिकेचा माणूस!

त्यानं मांडव पाहिला. रांग पाहिली. फुलपाखरू पाहिलं.

"लायसन्स?" त्यानं मला विचारलं.

हॉटेलात मी कुठल्याही पाहुण्याला कसंही पटवते. पण तिथे माझ्या तोंडातून सवयीनं एवढंच आलं, "वेलकम सर, डू यू हॅव अ रिझर्वेशन?"

तो माझ्या ग्रीसकडे बघत राहिला. मग खिडकीकडे बोट केलं. "कुक कोण?"

"माय मदर," सायमन म्हणाला.

"व्हिसा?"

सायमन हा खोटं बोलताच न येणारा माणूस. "व्हिजिट," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता पांढरा पडला.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. व्हिजिट व्हिसावर काम करताना सापडलं की काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. मम्मी सरळ विमानात. व्हिसा सायमनच्या नावावर, म्हणजे पाठोपाठ त्याच्या नोकरीवर गदा. चाकांवरच्या घरापायी चाकं नसलेलंही जाणार! अ‍ॅश्लीनं हळूच पुठ्ठा काढून पाठीमागे लपवला. फुलपाखरू नेमकं बाहेर राहिलं.

"सर, धिस इज नॉट शॉप," मी काकुळतीला आले. "धिस इज हाऊस! मांडव अडकलाय, स्क्रू... वॉरंटी खलास..."

"अम्मा," तो सरळ मम्मींकडे वळून हिंदीत म्हणाला, "इधर दुकान नहीं चलेगा."

"दुकान कसलं?" मम्मी मराठीत म्हणाल्या आणि ग्लास पुढे केला. "घर आहे आमचं. घे बाळा, गरम आहे तोवर."

त्यानं ग्लास घेतला नाही. चष्मा मात्र काढला. डोळे फार कोवळे होते. मग त्यानं विचार करून निकाल दिला. "घर है, तो बंद करो. बंद होता है तो गाडी है. बंद नहीं होता तो दुकान है."

इतका सरळ कायदा मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि इतका अवघडही. मी हँडलला लटकले. हलेना! सायमन लटकला. हलेना. मग बिहारचा मुलगा पुढे आला, मग दाढीवाला आला, मग अख्खी रांगच आली. कुणी दांडा धरला, कुणी कापड. दाढीवाल्यानं आरोळी दिली, "जोर लगा के..."

"हैशा!"

"थांबा, माझे बोल्ट..." मी ओरडले. कारण तेवढ्यात मला आठवलं, की खालचे दोन्ही बोल्ट मी सोडवलेत आणि ते माझ्या खिशात आहेत.

उशीर झाला होता. मांडव भिंतीपासून सुटला. पण तो धपकन पडला नाही. खालून वारा शिरला, कापड फुगलं, क्षणभर आमच्या डोक्यावर तरंगलं, आणि मग अगदी सावकाश, आई झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालते तसं, सगळ्यांच्या अंगावर उतरलं.

आत निळा उजेड पडला. समुद्राच्या तळाशी पडत असेल तसा. कुणाच्या अंगावर पांढरा पट्टा, कुणाच्या अंगावर निळा. कुणाच्यातरी इस्त्रीचा वास, कुणाच्यातरी अत्तराचा, आणि सगळ्यात आल्याचा. माझ्या शेजारी बलदियाचा तो तरुण उभा होता, डोक्यावर कापडाचा तंबू घेऊन. कापडाच्या कडेखालून मम्मींचा हात आत आला, हातात तोच ग्लास.

"घे," बाहेरून आवाज आला.

त्यानं घेतला. एक घोट प्यायला. मग आधी खांदे हलले, मग कापड हललं, मग तो जो हसत सुटला! त्याच्यामागून ते सगळं निळं आभाळच हसायला लागलं.

"खलास," तो डोळे पुसत म्हणाला. "मांडव नहीं, दुकान नहीं. यल्ला, घर जाओ. अम्मा, चाय बहुत अच्छा. लेकिन फिर नहीं!"

सगळ्यांनी मिळून मांडव गुंडाळला, दांड्यांसकट टपावर दोरीनं बांधून दिला. निघताना रांगेतले सगळे मम्मींच्या पाया पडले. मला एकानं दहा ग्लास आणून दिले, धुवायचे राहिलेले.

दुपार कलताना मिर्फ्याला पोचलो. समुद्र खरंच निळा होता, आणि इतका उथळ आणि शांत, की त्याला किनारा कुठे आहे ते ठरवायचा कंटाळा आला असावा. मम्मी बराच वेळ बघत राहिल्या. "हो गं, वेगळा आहे," म्हणाल्या. मी भरून पावले. सायमननं कॅराव्हॅन किनाऱ्यावर लावली.

"आणखी थोडी जवळ घे," मी म्हटलं.

"भरती आली तर?"

"वसईच्या मुलीला भरती शिकवू नकोस!"

त्यानं घर आणखी जवळ नेलं आणि जीप सोडवून वर पक्क्या वाळूवर लावली. (शहाणा माणूस! दुसऱ्या दिवशी तिनंच सगळं ओढून काढलं.) संध्याकाळी चहाची भांडी विसळायला गेले, तर नळाला पाणी येईना. पाण्याचा पंप बंद. दिवसभरात मला एवढा अनुभव आला होता की मी लगेच फळी उचलली, एक वायर काढून दुसरीकडे लावली आणि जाहीर केलं, "सकाळपर्यंत सुरू होईल."

"कंपनी परवडली," सायमन म्हणाला आणि झोपला.

पहाटे जाग आली. खिडकीत फिकट गुलाबी उजेड होता, पडदा फडफडत होता, आणि आमच्या पलंगाखालून, जमिनीच्या आत कुठेतरी, अगदी हलक्या आवाजात पाणी खळखळत होतं. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. मला आयुष्यात स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. मी सायमनला हलवलं. "ऐकतोयस? झाला की नाही पंप चालू? जे कंपनीला जमलं नाही ते मी केलं!"

सायमननं दार उघडून बाहेर बघितलं. पायरी दिसत नव्हती. "रेजिना," तो शांतपणे म्हणाला, "पंप नाही. समुद्र चालू झालाय."

आणि मी अर्ध्या झोपेत उशीखालचं मॅन्युअल काढलं, आणि तो बंद करायचं बटण कुठे आहे ते शोधायला लागले.